नाक दाबलं की तोंड उघडतं: देशादेशांमधली ताकद नेमकी कशी चालते?

जुलै 2025 मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. पहिली पुण्याची. चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीत लागणारी चुंबकं चीनकडून येईनाशी झाली आहेत आणि ऑगस्टमध्ये एकही गाडी बाहेर पडणार नाही अशी वेळ येऊ शकते, असं बजाज ऑटोने सांगितलं. दुसरी गुजरातमधल्या वाडीनारची. तिथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीचे ईमेल आणि कामकाजाची सॉफ्टवेअर एकाएकी बंद पडली. नायरामध्ये रशियाच्या रोसनेफ्टचा 49 टक्क्यांच्या आसपास वाटा आहे. त्यामुळे युरोपीय संघाने 18 जुलैला तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. कंपनी भारतात नोंदलेली, पैसे भरलेले, भारताचा कुठलाही कायदा मोडलेला नाही. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा दोन दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाली.

महिनाभरातच, 27 ऑगस्टपासून, अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्यातलं निम्मं शुल्क आपण रशियाचं तेल घेतो म्हणून होतं. या तीनही प्रसंगांत एक गोळी सुटली नाही, एक विमान उडालं नाही. तरी आकुर्डीतल्या कामगारापासून सुरतेच्या हिरे कारागिरापर्यंत अनेकांच्या पोटावर त्याचा परिणाम झाला. अशा बातम्या आता रोजच्या झाल्या आहेत, आणि त्या वाचताना ‘हे नेमकं कोणाच्या जोरावर चाललंय?’ हा प्रश्न पडतोच. तो उलगडून पाहू.

ताकद म्हणजे काय, हे आधी ठरवू

एखादा देश आपणहून करणार नाही अशी गोष्ट त्याच्याकडून करून घेणं, किंवा तो करणार असलेली गोष्ट थांबवणं, म्हणजे ताकद. इतकी साधी व्याख्या पुरे. ती वापरायचे मार्ग मात्र अनेक आहेत.

गावात कुणाचा शब्द चालतो ते आठवा. तालमीतल्या पैलवानाला लोक वचकून असतात. सावकाराला आवाजही चढवावा लागत नाही. ज्याच्या बांधावरून सगळ्यांचा ऊस बाहेर पडतो, त्याच्याशी तोडणीच्या हंगामात कुणी वाकड्यात शिरत नाही. ग्रामपंचायतीत ज्याच्या सहीशिवाय ठराव पुढे सरकत नाही, त्याला सगळे आधी भेटून येतात. आणि निवृत्त गुरुजींकडे यातलं काहीच नसतं, तरी भावाभावांचं भांडण त्यांच्याच ओसरीवर मिटतं. जगातही हेच पाच जण वावरतात: सैन्य, पैसा, वाट अडवणारी जागा, नियम ठरवण्याचा अधिकार आणि पत. अभ्यासक सैन्य आणि आर्थिक दबावाला हार्ड पॉवर म्हणतात, तर पत आणि आकर्षण यांच्या जोरावर मिळणाऱ्या प्रभावाला सॉफ्ट पॉवर. मधल्या दोघांना दोन्हींपैकी कुठल्याच खणात नीट बसवता येत नाही, आणि सध्याच्या बहुतेक बातम्या नेमक्या त्यांच्याच आहेत.

कोणत्या देशाकडे किती रणगाडे, किती सोनं, किती धान्य, याची मोजदाद वर्तमानपत्रं आवडीने छापतात. मला ती दिशाभूल करणारी वाटते. विचारायचा प्रश्न असा, की समोरच्याचं तुमच्यावाचून किती दिवस अडतं? एक दिवस, एक हंगाम, की दहा वर्षं? त्या मुदतीत तुमची ताकद सामावलेली असते.

पण शेवटी बंदूकच चालते ना?

ही शंका सर्वात आधी येते, आणि ती चूक नाही. सैन्य नसलेल्या देशाची बाकीची ताकद कुणीही हिसकावून घेऊ शकतो. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं तेव्हा व्यापारी करार आणि सांस्कृतिक संबंध कामाला आले नाहीत.

तरीही सैन्य हे सर्वात महाग आणि सर्वात बोथट हत्यार आहे. दरवर्षी एक लाख कोटी डॉलरच्या घरात लष्करी खर्च करणाऱ्या अमेरिकेला वीस वर्षं राबूनही अफगाणिस्तानात आपल्याला हवं तसं सरकार टिकवता आलं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान परत काबूलमध्ये आलं. उत्तर कोरियाकडे अण्वस्त्रं आहेत, म्हणून त्याच्यावर कुणी हल्ला करत नाही. पण त्या अण्वस्त्रांच्या बळावर त्याला शेजाऱ्याकडून एक व्यापारी करारही मिळवता येत नाही. म्हणजे सैन्य नको ते थांबवायला फार उपयोगी, हवं ते घडवून आणायला बरंच कमी.

आपलाच एक अनुभव आहे. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशचं युद्ध ऐन भरात असताना अमेरिकेने एंटरप्राइझ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. धाक दाखवायचा हेतू उघड होता. भारताने युद्ध थांबवलं नाही आणि 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. ऑगस्टमध्येच सोव्हिएत संघाशी झालेला मैत्री करार भारताच्या पाठीशी होता. धमकी खरी करायची समोरच्याची तयारी नाही हे ओळखता आलं, की सर्वात मोठ्या जहाजाचंही वजन घटतं.

चुंबकाएवढी छोटी वस्तू एवढी भारी कशी?

चेतकच्या मोटारीतलं चुंबक ज्या धातूंपासून बनतं त्यांना दुर्मिळ मृदा धातू म्हणतात. असे सतरा धातू आहेत. नाव दुर्मिळ असलं, तरी यातले बरेचसे जमिनीत मुबलक सापडतात. आपल्या केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही आहेत. ही वाळू काढणारी आयआरईएल ही सरकारी कंपनी 1950 पासून चालू आहे आणि तिचं मुख्यालय मुंबईत आहे. अडचण पुढच्या टप्प्यात येते. हे धातू एकमेकांत इतके मिसळलेले असतात की ते वेगळे करायला आम्लांच्या शेकडो धुलाया कराव्या लागतात, त्यातून किरणोत्सारी गाळ निघतो, आणि नफा बेताचाच सुटतो. श्रीमंत देशांनी हे घाण काम हळूहळू सोडून दिलं. चीनने ते दशकानुदशकं नेटाने केलं. आज जगातल्या या धातूंच्या शुद्धीकरणातला सुमारे 90 टक्के वाटा चीनचा आहे.

4 एप्रिल 2025 ला, अमेरिकेच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून, चीनने यातले सात धातू आणि त्यांची चुंबकं परवान्याखाली आणली. त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते. मोटार तापली तरी चुंबकाचा जोर उतरू नये म्हणून हे दोन धातू किंचित प्रमाणात मिसळतात. बंदीचा शब्दही चीनने काढला नव्हता. अर्ज करा, माल शस्त्रांसाठी वापरणार नाही असं लिहून द्या आणि थांबा, एवढंच. लढाई अमेरिकेशी होती, पण रांगेत पुणेही उभं राहिलं. गाडीच्या किमतीत या चुंबकाचा वाटा अगदी लहान असतो. तरी ते नसेल तर बाकीची सगळी गाडी तयार असूनही कारखान्याबाहेर पडत नाही. बजाजच्या गाड्या ऑगस्टच्या उत्तरार्धात परत निघू लागल्या, पण ऐन सणासुदीच्या तोंडावर कंपनीच्या पोटात गोळा यायचा तो आलाच.

अशा जागांना मी नाकाच्या जागा म्हणेन. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. नेदरलँड्समधली एएसएमएल ही कंपनी सर्वात प्रगत चिप छापायची यंत्रं बनवते. जगात दुसरं कुणीही ती बनवत नाही. अमेरिकेच्या दबावामुळे ही यंत्रं चीनला मिळत नाहीत, आणि चीनची चिप बनवण्याची घोडदौड तिथेच अडली आहे. समुद्रातही अशा जागा आहेत. 2023 च्या अखेरीपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी तांबड्या समुद्राची वाट धोक्यात आणली, आणि 2024 च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेले. भाडं वाढलं आणि नाशवंत मालाचे दिवस वाटेतच गेले. हुथींकडे ना मोठं नौदल, ना मोठा पैसा. जागा मात्र मोक्याची होती.

डॉलरच्या वाटेवरचा पहारा

ही सर्वात कमी दिसणारी आणि माझ्या मते आजच्या जगातली सर्वात जबर ताकद आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

समजा भारतीय कारखान्याने इराणकडून तेल घेतलं. अमेरिकेचा यात काहीच संबंध नाही. पण तेलाचा भाव डॉलरमध्ये ठरतो, आणि डॉलरचा मोठा व्यवहार म्हणजे नोटांनी भरलेली पेटी नव्हे. आपल्या बँकेचं न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेत खातं असतं, विकणाऱ्याच्या बँकेचंही असतं. एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, इतकंच घडतं. पण ते अमेरिकेच्या भूमीवर घडतं. म्हणून अमेरिकेचा कायदा लागू होतो. 2014 मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्यूबाशी केलेल्या व्यवहारांसाठी सुमारे 890 कोटी डॉलरचा दंड अमेरिकेला भरला. व्यवहार करणारी बँक फ्रेंच, गिऱ्हाईक सुदानचं, आणि दंड वॉशिंग्टनला.

दुसरा पहारा स्विफ्टचा. ब्रसेल्सजवळ मुख्यालय असलेली ही बँकांची सहकारी संस्था आहे. ती पैसे हलवत नाही. ‘अमुक खात्यातून तमुक खात्यात इतके द्या’ हा निरोप खात्रीशीरपणे पोचवते, एवढंच. दोनशेहून अधिक देशांतल्या अकरा हजारांवर संस्था तिच्यावर विसंबून आहेत. मार्च 2012 मध्ये इराणच्या बँकांना तिथून काढलं, तेव्हा इराणला तेल विकता येत होतं पण पैसे घेता येत नव्हते. 2022 मध्ये काही रशियन बँकांची तीच गत झाली. शिवाय रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे 300 अब्ज डॉलर परदेशांत गोठवले गेले.

इराणच्या वेळी भारताने काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. कोलकात्याच्या युको बँकेचा अमेरिकेतला व्यवसाय जवळजवळ नव्हता. म्हणजे तिला गमवायला फारसं काही नव्हतं. तिच्यात इराणची रुपयांची खाती उघडली, तेलाच्या किमतीचा मोठा हिस्सा तिथे रुपयांत जमा होऊ लागला आणि इराण त्याच रुपयांतून आपला बासमती, चहा, औषधं घेऊ लागला. वाट चालली, पण अरुंद होती. इराणचं तेल घेण्यासाठी दिलेली सवलत अमेरिकेने संपवली तेव्हा, मे 2019 पासून, भारताने इराणचं तेल घेणंच थांबवलं. एवढ्या मोठ्या देशाने आपल्या जवळचा, स्वस्त पुरवठादार सोडला, आणि त्यासाठी समोरच्याने सैन्य हलवलं नाही. मला ही गोष्ट अस्वस्थ करते.

नाशिकच्या बागेत ब्रसेल्सचा नियम

नियम ठरवण्याची ताकद मराठी शेतकऱ्याला मी समजावून सांगायची गरज नाही. त्याने ती भोगली आहे. वेलींची वाढ रोखून घडनिर्मिती वाढावी म्हणून बागायतदार एप्रिलच्या खरड छाटणीनंतर क्लोरमेक्वॅट क्लोराइड फवारत आले. बागेत त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. 2010 मध्ये युरोपातल्या तपासण्यांत महाराष्ट्राच्या द्राक्षांवर त्याचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. कंटेनर बंदरांवर अडकले, माल नाकारला गेला, आणि ज्यांनी त्या हंगामावर कर्ज काढलं होतं ते निर्यातदार आणि शेतकरी रस्त्यावर आले.

त्याच्या आधीच, 2006 मध्ये, शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ग्रेपनेट ही बागांच्या नोंदीची व्यवस्था सुरू केली होती. 2010 नंतर तिची पकड घट्ट झाली. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद असते, फवारणीची तारीख आणि मात्रा लिहावी लागते, काढणीच्या किती दिवस आधी कोणतं औषध बंद करायचं याची यादी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते, आणि प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घडांचा नमुना घेऊन जातो. अहवाल चोख आला तरच खोक्यावर त्या बागेचा नोंदणी क्रमांक चढतो. निफाड किंवा दिंडोरीच्या शेतकऱ्याने कोणत्या दिवशी काय फवारावं, हे युरोपातली एक समिती ठरवते, आणि तिथे त्याने मत दिलेलं नसतं.

हे अन्यायाचं आहे का? पूर्णपणे नाही. विषारी अंश नसलेली द्राक्षं मागायचा हक्क तिथल्या ग्राहकाला आहे, आणि त्या शिस्तीने आपल्या बागाही सुधारल्या. माझा आक्षेप वेगळाच आहे. मुंबई-पुण्याच्या बाजारात येणाऱ्या द्राक्षांना इतकी कडक तपासणी लागत नाही. आपल्या माणसांच्या ताटासाठी तोच काटा लावायला आपल्याला ब्रसेल्सची गरज का पडावी?

युरोपीय संघाकडे स्वतःचं सैन्य नाही, तरी हा नियमांचा जोर आहे, कारण जवळपास 45 कोटी लोकांची श्रीमंत बाजारपेठ त्याच्या दारामागे आहे. मोबाइलला एकच प्रकारचा चार्जर हवा असं त्याने ठरवलं आणि आयफोनची जुनी पिन जगभरातून गेली. पुण्यात घेतलेल्या फोनमध्येही.

सहीशिवाय ठराव सरकत नाही, ते लोक

याबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांना नकाराधिकार आहे, हे सर्वांना ठाऊक असतं. परिषदेच्या निर्बंध समितीत तर कुठल्याही एका सदस्याचा नकार पुरतो. त्याची आपल्याला बसलेली झळ म्हणजे ‘जैश’चा म्होरक्या मसूद अझहरचं प्रकरण. त्याला दहशतवाद्यांच्या यादीत टाकायला चीन वर्षानुवर्षं आडकाठी करत राहिला, आणि पुलवामानंतर, 1 मे 2019 ला, त्याचं नाव एकदाचं चढलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतली गोष्ट कमी माहीत असते. तिथे मोठ्या बदलांना 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा टक्के आहेत. म्हणजे बाकी सारं जग एकीकडे झालं, तरी अमेरिकेच्या संमतीविना काही हलत नाही. हे आकडे 1940 च्या दशकात बसलेल्या घडीतून आले आहेत, आणि घडी बदलायची तर त्यासाठीही तीच सही लागते.

सॉफ्ट पॉवर म्हणजे सिनेमा आणि योगासनंच का?

जोसेफ नाय या अमेरिकी अभ्यासकाने 1990 मध्ये ही संज्ञा रूढ केली. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचं म्हणणं असं, की लोकांना तुमच्यासारखं व्हावंसं वाटलं, तर त्यांना हुकूम द्यावा लागत नाही. आपल्याकडे याचा अर्थ योग दिवस आणि हिंदी सिनेमा एवढाच लावला जातो. ते आहेच. पण पत आकर्षणापेक्षा जास्त करून भरवशाने बनते, आणि भरवसा अडचणीच्या दिवसांत तपासला जातो.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. 20 जानेवारी 2021 ला भारताने शेजाऱ्यांना लस पाठवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी भूतान आणि मालदीवला डोस गेले. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली. श्रीमंत देश आपापल्या नागरिकांसाठी साठे करत असताना आपण लहान देशांना आधी दिली, आणि त्या काही आठवड्यांत भारताबद्दल जे बोललं गेलं ते कुठल्याही जाहिरातीने मिळालं नसतं. मग आपल्याकडे दुसरी लाट उसळली. स्मशानांत रांगा लागल्या, आणि लसीची निर्यात थांबली. तो निर्णय मी चूक म्हणू शकत नाही. घरातली माणसं जात असताना कुठल्याही सरकारने तेच केलं असतं. पण नेपाळात दहा लाखांहून अधिक ज्येष्ठ नागरिक पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहत राहिले. पैसे भरलेले डोसही पूर्ण पोचले नव्हते. मधल्या काळात नेपाळात चीनची लस पोचली. महिन्यांत कमावलेलं काही आठवड्यांत उणं झालं.

याउलट मॉरिशस पाहा. तिथे बिहार आणि उत्तर प्रदेशातून गेलेल्या लोकांप्रमाणेच कोकणातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांचे वंशज आहेत, ते आजही स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणपती बसवतात. हा जिव्हाळा कुठल्याही मंत्रालयाने निर्माण केलेला नाही. त्याच्या जोडीला भारताने दशकानुदशकं मदत चालू ठेवली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचं उद्घाटन झालं. हिंदी महासागरात एवढ्या मोक्याच्या जागी धावपट्टी बांधायला मिळणं ही सरळसरळ सामरिक गोष्ट आहे. तिच्याखाली पायाला जुना भरवसा आहे.

निर्बंधांनी खरंच काही साधतं का?

कधीकधी, आणि अपेक्षेपेक्षा कमी. क्यूबावर अमेरिकेची व्यापारबंदी 1962 पासून आहे. सरकार बदललं नाही, लोक गरीब राहिले. रशियाचं तेल पश्चिमेने नाकारलं, तेव्हा ते सवलतीच्या दरात भारताकडे वळलं. 2022 च्या आधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता, दोनेक वर्षांत तो तिसऱ्या हिश्शावर गेला. इराणवरच्या निर्बंधांत औषधांना कागदोपत्री सूट होती, पण व्यवहार करायला बँका धजावत नव्हत्या, आणि त्याचा फटका दुर्धर आजारांच्या रुग्णांना बसला. राज्यकर्त्यांच्या घरात औषध कमी पडत नाही. निर्बंधांना ‘युद्धापेक्षा बरे’ म्हणणाऱ्यांनी ही बाजूही तोंडाने बोलायला हवी.

आणखी एक गोष्ट घडते. नाक दाबलं गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी श्वास घ्यायची दुसरी सोय बघायला लागतो. सप्टेंबर 2010 मध्ये सेनकाकू बेटांजवळ जपानने एका चिनी बोटीच्या कप्तानाला पकडलं आणि जपानकडे जाणारे दुर्मिळ धातू अडले. बंदी घातल्याचं चीनने अधिकृतपणे मानलं नाही. जपानने कप्तानाला सोडलं. पण त्यानंतर त्याने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे घातले, साठे केले, कमी धातूत चालणारी चुंबकं शोधली, आणि दहा-बारा वर्षांत चीनवरचं अवलंबन सुमारे 90 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या आसपास आणलं. रशियाने 2014 मध्ये पहिला फटका बसताच मीर हे स्वतःचं कार्ड उभं केलं. 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड निघून गेले, तरी रशियातल्या दुकानांत कार्डं चालत राहिली. आपली रुपे कार्डं आणि यूपीआय यांच्याकडे या दृष्टीनेही पाहायला हवं.

डॉलरचंही तसंच. जगातल्या परकीय गंगाजळीत त्याचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला 71 टक्के होता, 2024 च्या अखेरीस तो 58 च्या आसपास आला होता. रशियाचे पैसे गोठल्यानंतर मध्यवर्ती बँकांनी सलग तीन वर्षं दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेने 2023-24 मध्ये ब्रिटनमध्ये ठेवलेलं 100 टन सोनं देशात आणलं. देशातलं हे सोनं मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत असतं.

मग आपल्या हातात काय आहे?

बरंच आहे. जगातल्या तांदळाच्या व्यापारात भारताचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास आहे. जुलै 2023 मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा आशिया आणि आफ्रिकेत भाव भडकले. स्वस्त जेनेरिक औषधं आहेत, सॉफ्टवेअरमधली माणसं आहेत, आणि 140 कोटींची बाजारपेठ आहे. चुंबकांसाठी नोव्हेंबर 2025 मध्ये 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, वर्षाला 6,000 टनांच्या क्षमतेची. ती उभी राहायला वर्षं लागतील, पण दिशा बरोबर आहे.

जी ताकद आधीपासून हातात होती तिचं आपण काय केलं, हे मात्र कांद्यात बघावं. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं वर्षानुवर्षांचं मोठं गिऱ्हाईक. 29 सप्टेंबर 2019 ला निर्यात एकदम बंद झाली. तिथे कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला, विमानाने मागवावा लागला. बंदीच्याच आठवड्यात तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला आपण कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या हिंदीत म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी थोडं आधी कळवा, एवढीच विनंती त्यांनी केली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी आली. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा. तेव्हा लासलगाव-पिंपळगावकडे लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. मे 2024 मध्ये बंदी उठली ती टनामागे 550 डॉलरच्या किमान भावाची आणि 40 टक्के शुल्काची अट घेऊन. शुल्क पूर्ण जायला एप्रिल 2025 उजाडला.

यातली एकही बंदी बांगलादेशला नमवायला नव्हती. शहरातला किरकोळ भाव पाडायचा, एवढाच उद्देश. पण गिऱ्हाईकाला उद्देश दिसत नाही, रिकामा ट्रक दिसतो. बांगलादेशाने स्वतःची लागवड वाढवायला घेतली आणि पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तानशी सौदे केले. दबाव टाकून निदान काहीतरी पदरात पाडून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे मागितलं काहीच नाही आणि गिऱ्हाईक मात्र दुसरीकडे वळलं. याची किंमत चाळीत कांदा साठवून भावाची वाट पाहणारा शेतकरी मोजतो.

यावर उपाय अवघड नाही, आणि तो मागायला आपल्या खासदारांकडे जागा आहे. रब्बीची रोपं टाकायच्या आधी त्या हंगामाचं निर्यात धोरण जाहीर व्हावं. देशात टंचाई भासली, तर आधीच केलेल्या सौद्यांचा माल तरी सीमेवर अडवू नये. शेजारी सरकारांना ठरावीक कोट्याची लेखी हमी द्यावी, जशी मालदीवला जीवनावश्यक वस्तूंसाठी आपण दरवर्षी देतो. मालदीवशी संबंध अगदी ताणले गेले होते त्या 2024 सालीही भारताने तो कोटा तोडला नाही, वाढवून दिला. त्यात कांदाही होता.